आल्टो सॅक्सबरोबर वाजवायला कुठल्या पट्टीचा माउथ ऑर्गन?

बिनसलेला_सूर

नमस्कार मंडळी. दहा होलचा साधा डायटॉनिक (एकाच पट्टीचे सूर असलेला) माउथ ऑर्गन आहे, सी पट्टीचा, म्हणजे पांढरी एक. जोडीला आल्टो सॅक्सोफोन. सॅक्सच्या कागदावर चालीची पट्टी जी मेजर लिहिली आहे, सुरुवातीला एक शार्प. 'गाणं जी मध्ये असेल तर सीचा माउथ ऑर्गन घ्या' हा क्रॉस हार्पचा नियम वाचून तोच घेतला. तरी जुळत नाही, आणि गंमत म्हणजे सगळीकडे बिनसत नाही. चार-पाच सूर अगदी मिसळून जातात, पण ओळ जिथे येऊन थांबते नेमकं तिथेच कडू लागतं.

माउथ ऑर्गन बेसूर आहे का? नसेल तर आल्टोसाठी कुठल्या पट्ट्या घ्याव्यात? पुढे टेनर सॅक्सबरोबरही वाजवायचं आहे. बाराच्या बारा घेणं शक्य नाही. बेंडिंग (श्वास वळवून सूर उतरवणं) जेमतेम येतं, चौथ्या होलवर जमतं, तिसऱ्यावर डळमळतं.

काळीपाच

माउथ ऑर्गन बरोबर आहे आणि नियमही बरोबर आहे. कागदावरचा जी मात्र कानाला जी नसतो. आल्टो हे ई फ्लॅटचं वाद्य. वादक सी वाचतो, सीची बोटं ठेवतो आणि बाहेर येते काळी दोन. टेनर बी फ्लॅटचा, त्यावर सी वाचला की काळी पाच ऐकू येते. बोटं सगळ्या सॅक्सवर सारखीच राहावीत, म्हणजे एक शिकलेला माणूस दुसराही वाजवू शकेल, म्हणून ही सोय. अडॉल्फ सॅक्सने १८४६ साली पेटंट घेतलं तेच मुळी लहानमोठ्या वाद्यांच्या अख्ख्या कुटुंबाचं. सोय वादकाची होते, हिशेब शेजारी बसणाऱ्याला करावा लागतो.

हिशेब पेटीवर करा. आल्टोच्या कागदावरची पट्टी पेटीवर शोधा आणि तिथून काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून उजवीकडे तीन पट्ट्या सरका. जी वरून तीन म्हणजे काळी चार, पांढरी सहा, काळी पाच. तुमची चाल काळी पाचमध्ये आहे. टेनरसाठी डावीकडे दोन. सोप्रानोला टेनरचा हिशेब, बॅरिटोनला आल्टोचा. फक्त सप्तक बदलतं.

आता तुमचं अर्धवट का जुळतं ते. काळी पाचच्या मेजरमधले सूर: बी फ्लॅट, सी, डी, ई फ्लॅट, एफ, जी, ए. तुमच्या सीच्या माउथ ऑर्गनवर यातले सी, डी, एफ, जी, ए असे पाच आयते आहेत. नाहीत ते दोनच, बी फ्लॅट आणि ई फ्लॅट. आपल्या भाषेत सांगायचं तर चालीचा सा आणि शुद्ध म. साच्या जागी तुमच्याकडे कोमल रे लागतो आणि म च्या जागी तीव्र म. ओळ सा वर येऊन थांबते, म्हणून कडूपणा तिथेच. तिसऱ्या होलवर ओढून अर्धा सूर बेंड केला तर बी फ्लॅट मिळतो, पण डळमळत्या बेंडवर अख्ख्या गाण्याचा सा उभा करू नये.

हवा_आत_बाहेर

थोडक्यात, आल्टोच्या पट्टीतून तीन सेमीटोन (अर्धे सूर) वजा करायचे आणि त्याच पट्टीचा माउथ ऑर्गन घ्यायचा.

काळीपाच

वजा नाही, अधिक. वजा करायचे ते उलट दिशेला जाताना, म्हणजे गाणं काळी पाचमध्ये आहे आणि आल्टोवाल्याला कागदावर काय लिहून द्यायचं असा प्रश्न असेल तेव्हा. ही गल्लत फार होते. त्यावर औषध एकच. सॅक्सवाल्याला 'तुझा सी वाजव' म्हणायचं आणि फोनवरचा ट्यूनर समोर धरायचा. ई फ्लॅट दाखवला तर आल्टो किंवा बॅरिटोन, बी फ्लॅट दाखवला तर टेनर किंवा सोप्रानो. काही ट्यूनर अ‍ॅपमध्ये वाद्य निवडायची सोय असते आणि ती चुकून आल्टोवर राहिली तर सी ला सीच दाखवतं. ती आधी 'सी' किंवा 'कॉन्सर्ट'वर आणा.

थाटमाट

वर पट्टी सापडली. पण 'काळी पाच आहे म्हणून काळी पाचचा माउथ ऑर्गन' हे अर्ध्याच चालींना लागू पडतं. इंग्रजी पुस्तकांत पहिली पोझिशन, दुसरी पोझिशन असं जे लिहितात ती आपली मूर्च्छना. डायटॉनिक माउथ ऑर्गन म्हणजे बिलावल थाटाची पेटी. सा हलवला की थाट बदलतो. तेव्हा आधी चाल कुठल्या थाटाची आहे ते कानाने ठरवा, मग माउथ ऑर्गन निवडा.

गाण्याचा सा धरून मोजायचं. बिलावल असेल तर सा च्याच पट्टीचा माउथ ऑर्गन. खमाज असेल, म्हणजे कोमल नी आहे आणि बाकी शुद्ध, तर म च्या पट्टीचा. हीच ती दुसरी पोझिशन ऊर्फ क्रॉस हार्प, ब्लूजवाले ज्यावर जगतात. काफीसाठी कोमल नी च्या पट्टीचा. आसावरीसाठी कोमल ग चा. भैरवीसाठी कोमल ध चा. कल्याणसाठी प चा. भैरव, पूर्वी, मारवा, तोडी यांत पडू नका. त्या थाटांचे सूर डायटॉनिकवर सरळ मिळत नाहीत, तिथे बाराही सूर देणारा क्रोमॅटिकच लागतो.

तुमच्या काळी पाचच्या चालीला हे लावून बघा. बिलावल अंगाची असेल तर बी फ्लॅटचा. खमाज असेल तर म म्हणजे काळी दोन, ई फ्लॅटचा. काफी असेल तर कोमल नी म्हणजे काळी चार, ए फ्लॅटचा.

होलचे आकडे कुठल्याही पट्टीच्या माउथ ऑर्गनवर तेच राहतात. फुंकायचं ते 'फुं', ओढायचं ते 'ओ'.

बिलावल: ४फुं सा, ४ओ रे, ५फुं ग, ५ओ म, ६फुं प, ६ओ ध, ७ओ नी, ७फुं सा. सातव्या होलपासून श्वासाची दिशा उलटते, खालचा सूर ओढून आणि वरचा फुंकून. नवशिका तिथे हमखास अडखळतो.

काफी: ४ओ सा, ५फुं रे, ५ओ कोमल ग, ६फुं म, ६ओ प, ७ओ ध, ७फुं कोमल नी, ८ओ सा. एकही बेंड नाही. शिवाय ४, ५, ६ एकदम ओढले की सा, कोमल ग, प असा मायनर कॉर्ड आपोआप मिळतो. सॅक्सच्या लांब सुराखाली तो सोडून बघा.

भैरवी: ५फुं सा, ५ओ कोमल रे, ६फुं कोमल ग, ६ओ म, ७ओ प, ७फुं कोमल ध, ८ओ कोमल नी, ८फुं सा. ही पण बेंडशिवाय.

खमाज दोन ठिकाणी मिळतो. खालच्या सप्तकात २ओ सा, पण लगेच पुढचा रे म्हणजे ३ओ चा पूर्ण सुराचा बेंड. मग ३ओ ग, ४फुं म, ४ओ प, ५फुं ध, ५ओ कोमल नी, ६फुं सा. तुमचा तिसरा होल डळमळतो म्हणालात, तोच इथला रे आहे. तेव्हा वरच्या सप्तकात जा: ६फुं सा, ६ओ रे, ७ओ ग, ७फुं म, ८ओ प, ८फुं ध, ९ओ कोमल नी, ९फुं सा. सगळं आयतं, आवाज जरा तारस्वरात. आणि खमाजमध्ये आरोहात शुद्ध नी लागतो हे विसरू नका. तो खाली २ओ च्या अर्ध्या बेंडवर आणि वर ९फुं च्या अर्ध्या बेंडवर मिळतो. मधल्या सप्तकात ओव्हरब्लो (फुंकून नेहमीपेक्षा चढा सूर काढायची अवघड युक्ती) करावा लागतो, तो तूर्त सोडून द्या.

बिनसलेला_सूर

फार उपयोगी. एक शंका. कागदावर एक शार्प असला की जी मेजरच असतं असं नाही ना? ई मायनरलाही एकच शार्प. आणि यातून खरेदीची यादी काय निघते?

काळीपाच

बरोबर पकडलंत. कागदावर ई मायनर असेल तर आल्टोवर ऐकू येईल जी मायनर, पांढरी पाच. शार्प-फ्लॅट मोजून फक्त सुरांचा संच कळतो, सा कळत नाही. सा साठी शेवटचा लांब सूर बघा. तोही दगा देतो, कारण काही चाली प वर किंवा ग वर सोडलेल्या असतात. खात्री करायची तर तानपुऱ्याचं अ‍ॅप लावून त्या सुरावर अख्खी चाल फिरवायची. ड्रोन चुकीचा असेल तर पहिल्या दोन ओळींतच अंग आक्रसतं.

खरेदीसाठी हा तक्ता उतरवून घ्या. आधी कागदावरची पट्टी, मग ऐकू येणारी, मग बिलावल, खमाज आणि काफीसाठी लागणारे माउथ ऑर्गन, याच क्रमाने.

आल्टो एफ: ए फ्लॅट. ए फ्लॅट, डी फ्लॅट, जी फ्लॅट.
आल्टो सी: ई फ्लॅट. ई फ्लॅट, ए फ्लॅट, डी फ्लॅट.
आल्टो जी: बी फ्लॅट. बी फ्लॅट, ई फ्लॅट, ए फ्लॅट.
आल्टो डी: एफ. एफ, बी फ्लॅट, ई फ्लॅट.
आल्टो ए: सी. सी, एफ, बी फ्लॅट.
टेनर एफ: ई फ्लॅट. ई फ्लॅट, ए फ्लॅट, डी फ्लॅट.
टेनर सी: बी फ्लॅट. बी फ्लॅट, ई फ्लॅट, ए फ्लॅट.
टेनर जी: एफ. एफ, बी फ्लॅट, ई फ्लॅट.
टेनर डी: सी. सी, एफ, बी फ्लॅट.

यात बी फ्लॅट आणि ई फ्लॅट किती वेळा येतात बघा. हे दोन आधी घ्या. तिसरा एफ, चौथा ए फ्लॅट. सी तुमच्याकडे आहेच. गिटारवाल्यांबरोबर वाजवणारे जी, ए, डी असे माउथ ऑर्गन घेतात. तो संच सॅक्सवाल्यांच्या बैठकीत बहुतेक वेळ डब्यातच राहतो. तुमच्या ई मायनरच्या शंकेचं उत्तरही याच तिघांत आहे: ऐकू येणारा जी मायनर काफी अंगाचा असेल तर एफ, आसावरीचा असेल तर बी फ्लॅट, भैरवीचा असेल तर ई फ्लॅट.

स्लाइड_दाबा

इतका खटाटोप कशाला? बारा होलचा क्रोमॅटिक घ्या, सी मधला एकच. बाजूची स्लाइड दाबली की प्रत्येक सूर अर्ध्याने चढतो. बाराही सूर हातात, पट्टीचा प्रश्न मिटला. काळी पाच असेल तर ३ओ स्लाइड दाबून सा, ५फुं रे, ५ओ ग, तिथेच स्लाइड दाबून म, ६ओ प, ७फुं ध, ७ओ नी, तिथेच स्लाइड दाबून सा.

थाटमाट

प्रश्न मिटत नाही, बोटात जातो. काळी पाच, पांढरी चार, काळी दोन या पट्ट्या क्रोमॅटिकवर नीट बसायला काही महिने जातात. ज्याला हिंदी सिनेसंगीताच्या चाली सूर न सोडता वाजवायच्या आहेत त्याने क्रोमॅटिक शिकावाच, कारण त्या चालींत मध्येच एखादा परका सूर हमखास डोकावतो. पण सॅक्सवाला सुराला खालून ओढत आणतो, मनोहारी सिंग यांच्या आल्टोत ते जागोजाग ऐकू येतं, तसं काही करायचं असेल तर डायटॉनिकचा बेंड जास्त बोलतो. क्रोमॅटिकच्या रीडवर हवा अडवणाऱ्या पातळ पट्ट्या असतात, त्यामुळे बेंड उथळ होतो. त्याच पट्ट्या वाफेने चिकटतात आणि सूर फुरफुरतो किंवा गप्प बसतो. एसीच्या खोलीत वाजवण्याआधी दहा मिनिटं वाद्य खिशात ठेवून अंगाच्या उबेला आणा. थंड धातूवर श्वासाची वाफ जमते, हे त्याचं कारण.

आणि चोवीस होलचा ट्रेमोलो, जो आपल्याकडे दुकानात आधी हातात ठेवतात, तो या कामाला नको. त्यात एका सुराला दोन रीड असतात, मुद्दाम किंचित वरखाली लावलेले. एकट्याने वाजवताना तो लहरता आवाज गोड लागतो. सॅक्सच्या स्थिर सुराशेजारी कोण बेसूर आहे तेच कळत नाही.

रीडदुरुस्ती

पट्टी अचूक निवडूनही बेसूर वाटतं, त्याची कारणं.

एक म्हणजे पिच. बरेच कारखाने माउथ ऑर्गन ४४० हर्ट्झच्या (ए सुराचं ठरलेलं माप) जरा वर, ४४२ च्या आसपास लावून पाठवतात, कारण जोरात फुंकलं की रीड उतरतं. सॅक्स मात्र गरम होईल तसा चढतो. म्हणून सॅक्सवाल्याने पाच-दहा मिनिटं वाजवल्यावर सूर जुळवा, आधी नाही. आणि जुळवायचं त्याने, तुम्ही नाही. त्याला माउथपीस कॉर्कवर आत सरकवून चढता येतं, बाहेर ओढून उतरता येतं, तुमच्या हातात तसं काही नाही. बी फ्लॅटच्या माउथ ऑर्गनवर ४फुं सहज श्वासात धरा आणि आल्टोवाल्याला ऑक्टेव्ह की दाबून त्याचा जी धरायला सांगा. दोघांचा सूर एकाच उंचीचा येतो. कंप थांबेपर्यंत माउथपीस हलवायचा.

दुसरं, ट्यूनिंगची जात. काही माउथ ऑर्गन कॉर्ड गोड लागावेत म्हणून जस्ट इन्टोनेशनच्या (नैसर्गिक सुरांतरांच्या) अंगाने लावतात. त्यात ५ओ बराच उतरलेला असतो. क्रॉस हार्पमध्ये तो कोमल नी म्हणून शोभतो, पण थाटमाट यांच्या काफीत तोच कोमल ग आहे आणि सॅक्सच्या टेम्पर्ड (सगळे अर्धे सूर सारख्या अंतरावर लावलेल्या) ग शेजारी तो रडका लागतो. सॅक्सबरोबर सुरावटी वाजवायच्या असतील तर टेम्पर्ड किंवा निदान मधल्या तडजोडीचं ट्यूनिंग बघून घ्या. ली ऑस्करचे माउथ ऑर्गन टेम्पर्ड असतात. होनरचा स्पेशल ट्वेंटी तडजोडीचा. रीड कानसने घासून ५ओ चढवता येतो (टोकाशी घासलं की चढतो, मुळाशी घासलं की उतरतो), पण पहिला प्रयोग जुन्या माउथ ऑर्गनवर करा. दोन हलके हात पुरतात, तिसऱ्याला सूर पार पुढे जातो.

तिसरं, जोर. बंद खोलीत सॅक्स तुम्हाला सहज गिळतो. मग माणूस जोर लावतो, सूर उतरतो, आणि काही आठवड्यांत ओढायचं चौथं किंवा पाचवं रीड थकून तुटतं. जोर लावू नका, माइक घ्या. तो हाताच्या ओंजळीत माउथ ऑर्गनला टेकवून धरा आणि सॅक्सवाल्याला चार पावलं मागे उभं करा. टेनरबरोबर हा त्रास कमी होतो, कारण टेनरचा बराचसा मुलूख तुमच्या खाली आहे. आल्टोचे वरचे सूर मात्र थेट तुमच्या ४ ते ६ होलवर येऊन बसतात. तिथे तो वर गेला की तुम्ही खालच्या तीन होलवर कॉर्ड धरा.

हवा_आत_बाहेर

वजा-अधिकची चूक मान्य. रेकॉर्डबरोबर सराव करणाऱ्यांसाठी माझ्याकडून एक भर: तिथे कागद नसल्यामुळे आल्टो की टेनर हा हिशेबच लागत नाही. ऐकू येतो तोच खरा सूर. ट्यूनरवर सा बघा आणि थाटमाट यांचं गणित लावा. जुन्या ध्वनिफिती आणि त्यावरून नेटवर चढवलेल्या गाण्यांची गती थोडी इकडेतिकडे झालेली असते, त्यामुळे सा दोन पट्ट्यांच्या मध्ये सापडू शकतो. तेव्हा ऑडॅसिटीसारख्या प्रोग्रॅममध्ये गती न बदलता पिच सरकवून जवळच्या पट्टीत आणा. काळी पाचचं बिलावल अंगाचं गाणं दोन सेमीटोन चढवलं तर सी मध्ये येतं आणि हातातल्या माउथ ऑर्गनवर आजच सराव सुरू होतो. तीन सेमीटोनच्या पुढे नेऊ नका, सॅक्सचा आवाज खेळण्यातल्या पिपाणीसारखा होतो.

बिनसलेला_सूर

चाल ड्रोनवर फिरवून बघितली. सा काळी पाचच, नी दोन्ही लागतात, कोमल उतरताना. म्हणजे खमाज, ई फ्लॅटचा माउथ ऑर्गन. हाच आधी मागवतो, बी फ्लॅट पुढच्या महिन्यात. ई फ्लॅट फार कर्कश होईल का? दुकानदार 'लो ई फ्लॅट' पण आहे म्हणतो.

रीडदुरुस्ती

साधा ई फ्लॅट घ्या. साध्या संचात जी सगळ्यात खर्जाचा आणि एफ शार्प सगळ्यात टिपेचा. ई फ्लॅट वरच्या बाजूला येतो खरा, पण ६ ते ९ होलवर वाजवताना ओंजळ बंद ठेवली की धार बोथट होते. 'लो' म्हणजे पूर्ण सप्तक खाली. त्याची रीडं जड, उशिरा बोलतात, जलद जागा पुसट होतात आणि आल्टोच्या मधल्या सुरांत आवाज हरवतो. वरच्या सप्तकातला शुद्ध नी ९फुं च्या बेंडवर आहे. ई फ्लॅटसारख्या चढ्या माउथ ऑर्गनवर फुंकून बेंड करायला जागा फार चिंचोळी असते, जीभ टाळूजवळ पुढे आणून 'ई' म्हणतो तसा आकार करा आणि हवा कमी द्या. तो जमेपर्यंत आरोहातला नी सॅक्सवाल्याला घेऊ द्या, तुम्ही ध वरून सरळ सा वर जा.